ढगाचा पत्ता

वागळे इस्टेट, दुसरा मजला.
नऊ माणसं, एकशे बारा गिऱ्हाईकं,
आणि एक थंडगार खोली, जिच्यात चपला काढूनच जायचं.
कारखानीस बाई म्हणाल्या,
"सगळं ढगावर न्यायचंय. तीन महिने आहेत."
मी पिवळ्या चिठ्ठ्यांचे आठ गठ्ठे घेऊन गेले.

पहिल्याच दिवशी भिंत पिवळी झाली.
'भीती' या मथळ्याखाली मात्र एकच चिठ्ठी,
तीही कोरी.
कुणी लावली, विचारलं
तर सगळे एसीच्या रिमोटकडे बघत बसले.

आमच्या पद्धतीची पहिली पायरी अशी,
की ज्याचं जळतं त्याच्या शेजारी जाऊन बसायचं.
म्हणून आठवडाभर हरेश केणीच्या स्कूटरवर मागे बसले,
मांडीवर त्याची हत्यारांची पिशवी.

हरेश डिस्क कानाने ओळखतो.
आवाज जरा घोगरा झाला की म्हणतो,
"हिचं शनिवारपर्यंतच."
शुक्रवारी रात्री ती जाते,
आणि शनिवारी सकाळी गिऱ्हाइकाला
काही झालं होतं हेच माहीत नसतं.
याचं बिल कसं लावता, मी विचारलं.
तो हसला. लावत नाहीत.

चेंदणीच्या पतपेढीत नाखवा हिशेबनीस.
त्यांच्यासाठी आम्ही पुठ्ठ्याचा पडदा केला होता,
कात्रीने कापलेली बटणं, स्केचपेनचे आकडे.
त्यांनी एक बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
मग पुठ्ठा उलटा करून मागे बघितलं.
"वर गेल्यावर बिघडलं, तर फोन कुणाला?"
मी नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के खात्रीचं बोलू लागले.
"टक्क्यांचं मला नका सांगू, बाई,
मी पतपेढीत आहे.
येणार कोण?"
आणि चष्मा कपाळावर सरकवून हरेशकडे बघत राहिले.
हरेश पिशवीची चेन लावत होता.
ती आधीच लागलेली होती.

परतताना त्याने स्कूटर ऑफिसकडे वळवलीच नाही.
खाडीपूल ओलांडून ऐरोली,
मग एक लांबलचक इमारत, खिडकी एकही नाही,
बाजूला जनरेटरांची रांग.
"हाच ना तुमचा ढग?"
त्याने कंपाउंडच्या भिंतीला कान लावला.
वॉचमन शिट्टी मारत आला तरी हलला नाही.
"आत पंखेच आहेत," म्हणाला,
"आपल्यासारखेच. फक्त लई."

मग टपरीवर, चहा निवेपर्यंत गप्प.
"इथं आमच्या आज्याचं मिठागर होतं.
भरतीचं पाणी कोंडायचं, उन्हावर सोडायचं.
पाणी वर जायचं, त्याला कोण अडवतंय?
पण मॅडम, वर गेलेल्या पाण्याचे पैसे
आज्याला कुणी दिले नाहीत.
खाली उरायचं, त्याचे दिले."

दुसऱ्या दिवशी मी भिंत साफ केली.
पाचशे-सहाशे चिठ्ठ्या असतील, दोन पिशव्या भरल्या.
एकच प्रश्न लिहिला, मोठ्या अक्षरात:
खाली काय उरलं पाहिजे?

दुपारपर्यंत कुणी उठलं नाही.
मग कुणीतरी लिहिलं, 'पगार'.
त्याच्याखाली आठ जणांनी बरोबरची खूण केली.
हरेशने लिहिलं, 'मला ऐकू आलं पाहिजे'.
बाईंनी बराच वेळ पेनचं टोपण चावलं,
आणि लिहिलं,
'नाखवांचा फोन आपणच उचलायचा'.

तीन महिन्यांचे सात झाले.
अकरा गिऱ्हाईकं सोडून गेली, त्यांतली दोन परत आली.
पतपेढीच्या पडद्यावर आता
वरच्या कोपऱ्यात हरेशचा फोटो आहे, खाली नंबर.
आणि दूर कुठे काही अडखळलं
की त्याच्या टेबलावरचा छोटा स्पीकर घोगरा होतो,
तो आवाज त्याने स्वतः निवडलाय,
जुन्या डिस्कचा, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला.
बिलात त्याची वेगळी ओळ असते.
रक्कम फार नाही.

ती कोरी चिठ्ठी कुणाची, अजून कळलेलं नाही.
मी ती फेकली नाही, माझ्या वहीत आहे.

खोली रिकामी झाली.
तिथे आता डबे उघडतात, कुणाची कोलंबी, कुणाची गवार.
थंडगार नसते, पंखाही एकच.
पण आत जाताना सगळे अजून
चपला बाहेरच काढतात.